बनुबाईची ऊब

बनुबाईच्या हाताचा दरारा काय सांगावा! पाथर्डीकडच्या त्यांच्या वस्तीवर कुणाचं लेकरू रात्रभर किरकिरलं, की सकाळी ते डॉक्टरच्या आधी बनुबाईपुढे हजर. बाई पदराला हात पुसायची, लेकराच्या कपाळावर तळवा टेकवायची, मग गळ्याखाली, मग पोटावर, आणि कोर्टातल्या साहेबासारखा निकाल द्यायची. "कनकन हाय, उतरंल." नाहीतर, "लई ताप हाय, जीप बघा आन् पाथर्डीला न्या." गंमत म्हणजे बहुतेक वेळा बाईचं खरं निघायचं. आता सारखं खरं निघत गेलं की माणूस फुगणारच. बनुबाईही फुगली, यात तिचं फार चुकलं असं मी म्हणणार नाही.

हात तसा राबलेलाच होता. लग्न होऊन आली त्या साली ऊसतोडीला गेली, ती पुढं दर दसरा झाला की जातच राहिली. कोयत्यानं तळव्याला घट्टे पडले. तरी तापल्या तव्यावर नुसता हात धरून भाकरी कधी टाकायची ते तिला कळायचं, दूध विरजणाजोगं कोमट झालं की नाही ते बोटाला कळायचं. गुडघ्यांनी दगा दिला तेव्हा तिनं कोयता खाली ठेवला. मग तिचा मुलगा अंगद आणि सून पंकजा यांची जोडी तोडीला लागली, आणि बनुबाई त्यांच्याबरोबर कोपी सांभाळायला जाऊ लागली. कोपी म्हणजे बांबू, ताडपत्री आणि उसाचं पाचट यांची झोपडी. कारखान्याच्या आसऱ्यानं अशा कोप्यांचं गावच बसतं आणि उन्हाळ्यात उठून जातं.

त्या वर्षी टोळी कोपरगावच्या बाजूला होती, आणि पंकजाचे दिवस भरायच्या आतच पोरगी झाली. सरकारी दवाखान्यात झाली म्हणून बरं. पोरगी एवढीशी, की बनुबाई म्हणाली, "ही तर सुपात निजंल." दवाखान्यानं काही दिवस काचेच्या पेटीत ठेवली, दूध ओढायला लागली तशी घरी सोडली. घर म्हणजे तीच कोपी. टोळी सोडून गावी जाणं जमण्यासारखं नव्हतं, आणि गावी तरी कोण होतं? सगळी माणसं इथंच.

एका गोष्टीवरून मात्र बनुबाईचं रोज डोकं फिरायचं. तिच्याकडच्या रीतीनं बाळंतिणीच्या बाजेखाली निखाऱ्याचं घमेलं हवं. वर बाळ-बाळंतीण, खाली शेक. पण पाचटाच्या कोपीत विस्तव नेणं म्हणजे मरण विकत घेणं. आदल्या साली शेजारच्या टोळीतली एक कोपी बघता बघता जळाली होती, तेव्हापासून मुकादमानं सक्त ताकीद दिलेली, चूल बाहेर आणि विस्तवही बाहेर. "बिनशेकाचं बाळंतपण कुटं बघितलंय का?" असं बनुबाई येणाऱ्या जाणाऱ्याला ऐकवायची. तिचं दुःख खरं होतं. शेकावाचून लेकराला ऊब कुठून मिळणार, हे तिला काही केल्या उमगत नव्हतं.

आणि तशात ती पौषातली सकाळ उजाडली. थंडी अशी की बोलताना तोंडातून वाफा निघत होत्या. अंगद फडातून धावत आला. गाडी येऊन उभी होती, ऊस तोडून पडला होता आणि मोळ्या बांधायला माणूस कमी पडत होतं. पंकजानं पोरीकडं बघितलं, सासूकडं बघितलं. "आत्या, हिला जरा आंगाशी धरून…" एवढं म्हणेपर्यंत बनुबाई कडाडली. "तू मला शिकवू नकोस! तीन वाढवल्यात म्या. जा तू." पंकजानं पोरीला दोन पदरी फडक्यात गुंडाळलं आणि ती गेली. सुनांचं हे असंच असतं, शेवटचं वाक्य गिळायची सवय लागते.

पोरगी निजली तशी बनुबाई भांडी आणि बाळुती घेऊन पाटावर गेली. पाटाचं पाणी त्या सकाळी नुसता बर्फ. घासता घासता बोटं लाकडासारखी झाली. परत आली, तशाच हातानं पोरीचं कपाळ चाचपलं. कपाळ कढत! गळा कढत! पोट तर भट्टीच!

"आगं माझे बाई, लेकरू तापलंय!"

तापलेल्या लेकराचं काय करायचं हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. तिनं गुंडाळलेलं सोडलं, पोरीला उघडी केली, घागरीतल्या गार पाण्यात फडकं भिजवून कपाळावर आणि पोटावर ठेवलं, पदरानं वारा घातला. थोड्या वेळानं पुन्हा हात लावून बघितला. कढतच. पुन्हा फडकं पाण्यात, पुन्हा पिळलं, पुन्हा ठेवलं, पुन्हा हात. अजून कढत! बघा कसा फास बसला होता तो. हात गार पाण्यातून निघायचा आणि थेट पोरीवर जायचा, मग त्याला पोर कढत लागणार नाही तर काय? पण हे आत्ता आपल्याला कळतंय. तेव्हा त्या कोपीत एक घाबरलेली आजी होती, आणि तिला आपल्या हाताखेरीज दुसऱ्या कुणावर भरवसा ठेवायची सवय नव्हती.

पोरीचं किरकिरणं थांबलं. बनुबाईला वाटलं, उतार पडला. तिनं कापसाच्या बोळ्यानं दूध ओठाला लावलं. ओठ हलले नाहीत. हात उचलून सोडला, तो चिंधीसारखा खाली पडला. ओठांभोवती निळसर झाक दिसली.

"काय करू गं आता, काय करू," म्हणत ती कोपीबाहेर आली, आणि समोर स्कुटी लावत होती दीना सिस्टर.

दीना भिंगारदिवे ही उपकेंद्राची नर्स. नगरच्या ख्रिस्ती घरातली, आई शिक्षिका, बोलणं सडेतोड. टोळ्या आल्या की त्यांच्यातल्या बाळंतिणी आणि पोरं बघत कोप्या-कोप्यांतून फिरायचं हे तिचं काम, आणि दवाखान्यातून सुटलेल्या या पोरीच्या तपासणीचा नेमका तोच दिवस. बनुबाईला ती आजवर फारशी आवडली नव्हती. कालची पोरगी आणि पिशवीत कांड्या घेऊन हिंडती, असं तिचं मत. त्या सकाळी मात्र ती पळत गेली आणि सिस्टरचा हातच धरला.

"शिस्टर, लेकरू लई तापलंय हो! पट्ट्या ठिवल्या, तरी उतरंना!"

दीना आत आली. उघडं ओलं लेकरू बघून तिचा चेहरा बदलला, पण ती ओरडली नाही. त्याबद्दल बनुबाई पुढं सगळ्यांना सांगायची, "वरडली असती तर म्या तितंच पडले असते." दीनानं ओली फडकी दूर केली, कोरड्या कापडानं पोरीला टिपलं आणि थर्मामीटर काखेत धरला. कांडी वाजली. चौऱ्याण्णव.

"कांडीच बिघडली का काय?" दीना पुटपुटली. तिनं ती पुसली आणि म्हणाली, "मावशी, हात वर करा." थर्मामीटर बनुबाईच्या काखेत गेला. वाजला. अठ्ठ्याण्णव. पुन्हा पुसून पोरीच्या काखेत. चौऱ्याण्णवाच्याही जरा खाली.

"कांडी बरोबर आहे," दीना म्हणाली. "मावशी, ताप नाही हिला. ही गार पडलीय. फार गार पडलीय."

"आवं न्हाई वो! ह्या हातानं बघितलंय म्या!"

"नंतर बोलू. चोळीची गाठ सोडा."

"आँ?"

"हिला तुमच्या छातीशी धरायचंय. कातडीला कातडी. लवकर."

दीनानं एकशे आठला फोन लावला, अंगदला फोन करून पंकजाला पाठवून द्यायला सांगितलं, आणि बोलता बोलता पोरीच्या डोक्यात टोपी, पायात मोजे आणि कोरडा लंगोट चढवला. "माझंच अंग स्कुटीवरच्या वाऱ्यानं गार झालंय, नाहीतर मीच घेतलं असतं. तुम्ही घ्या."

"माज्या म्हातारीच्या आंगात कसली आलीय ऊब, बाई?"

"आत्ताच मोजली की! अठ्ठ्याण्णव. तरण्या बाईत असते तेवढीच आहे. वर सुरकुत्या पडल्या म्हणून आतली चूल विझत नाही. घ्या."

बनुबाई भिंतीच्या बांबूला टेकून बसली. दीनानं पोरीला तिच्या उघड्या छातीवर पालथं ठेवलं, बेडकासारखे हातपाय पसरून, मान एका बाजूला, नाक मोकळं. आपल्या ओढणीनं दोघींना घट्ट बांधलं, वर पदर, त्यावर गोधडी. छातीला छाती लागली आणि बनुबाईला खरं काय ते कळलं. पोर कढत नव्हती. पोर रात्री बाहेर राहिलेल्या पितळी तांब्यासारखी गार होती. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं.

"म्या मारलं का हो हिला, शिस्टर?"

"जिवंत आहे. आणि तुम्ही रडलात तर तुमची छाती हलते, तिला झोप लागत नाही. हळू श्वास घ्या."

एकशे आठची गाडी निघाली होती, पण कारखान्याच्या रस्त्यावर उसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागलेली. वेळ लागणार होता. आता पोरीचं जगणं-मरणं त्या एका म्हातारीच्या छातीवर होतं, आणि तिला हे पुरतं ठाऊक होतं. ती जागची हलली नाही. दुखऱ्या गुडघ्याला मुंग्या आल्या तरी हलली नाही.

थोड्या वेळानं तिनं हळूच विचारलं, "पर मला कढत लागली ती कशी?"

दीनानं एकदा पोरीचा श्वास बघितला आणि मग बाहेरच्या चुलीवरून पाणी आणलं. एका वाटीत सोसेल इतकं गरम, एका वाटीत घागरीतलं गार, आणि मधल्या पातेल्यात दोन्ही मिसळलेलं. बनुबाईचे हात मोकळेच होते. उजवा गरमात, डावा गारात, थोडा वेळ बुडवून ठेवायला लावला. "आता दोन्ही मधल्यात घाला."

बनुबाईनं घातले, आणि तिचं तोंड उघडंच राहिलं. "आवं, डाव्याला कढत लागतंय! आन् उजव्याला गार! येकच पानी, आन् दोन हात दोन बोलत्यात!"

"दोघंही खोटं बोलत नाहीत. समोरचं किती गरम आहे ते हात नाही सांगत, मावशी. आपल्यापेक्षा गरम का गार, आपल्यात ऊब येतेय का आपली जातेय, तेवढंच सांगतो. पाटावरून आलेल्या हाताला सगळंच कढत."

"आन् ती कांडी?"

"कांडीचं स्वतःचं काही म्हणणं नसतं. काखेत ठेवली की हळूहळू काखेएवढीच होते, मग वाजते. म्हणून तर ठेवून वाट बघायची."

दीनानं पोरीच्या पाठीवरची गोधडी सारखी केली आणि म्हणाली, "चहा बशीत ओतला की लवकर निवतो, पातेल्यातला तासभर गरम राहतो. हो ना? ही बशीतला चहा आहे. एवढंसं अंग, उघडं पडलं की ऊब निघून जाते. त्यात ओलं फडकं. माठातलं पाणी गार कसं होतं? ओल वाळताना ऊब घेऊन जाते. तसंच हिचं झालं. ऊब नेहमी गरमाकडून गाराकडं जाते, सारखं होईपर्यंत. आता तुमच्यातली तिच्यात चाललीय."

"समदी जाऊ द्या," बनुबाई म्हणाली. "हाय न्हाई ती समदी घेऊ द्या तिला."

दीना हसली. "सगळी नाही जात. तुम्ही भाकरी खाता ना? आतून नवी तयार होते. असंच करून तर पंकजानं हिला रोज सांभाळलं."

"कसं?"

"असंच, छातीशी बांधून. दवाखान्यात शिकवलं होतं, तिनंच मला सांगितलं. दिवसा तुम्ही पाटावर किंवा सरपणाला गेलात की, आणि रात्रभर. तुम्हाला ठाऊक नाही?"

बनुबाईला ठाऊक नव्हतं. एका कोपीत निजून ठाऊक नव्हतं! रात्री पंकजा बसल्या बसल्या पेंगते, आडवी होत नाही, हे तिनं बघितलं होतं आणि सुनेला चार गोष्टी सुनावल्याही होत्या, की आजकालच्या पोरींना धड निजताही येत नाही. सकाळचं ते अर्धं तोडलेलं वाक्य तिला आठवलं. आंगाशी धरून. लाजेनं तिचे कान तापले. पण त्या लाजेच्या मागोमाग दुसरंच काहीतरी वर आलं. निखाऱ्याचं घमेलं नाही म्हणून ती जगाला दोष देत बसली होती, आणि तिच्या कोपीत तिची सून रात्ररात्र बसून स्वतःच शेगडी झाली होती.

ऊन कोपीच्या दारातून आत सरकलं. दीनानं कांडी लावली. पंच्याण्णव आणि वर थोडं. बनुबाईनं डोळे मिटून मढीच्या कानिफनाथाचं नाव घेतलं, मग त्याला आणि सिस्टरच्या येशूला, दोघांनाही एकदमच हात जोडले. म्हणाली, "आज कुनाला वगळायचं न्हाई." पुन्हा कांडी लागली, तेव्हा शहाण्णव. ओठांभोवतीचा निळेपणा गेला होता. आणि मग गोधडीखाली काहीतरी खरवडलं. पोरीनं बोटं हलवली होती. तिनं तोंड आजीच्या छातीवर घासलं, दूध शोधलं, मिळालं नाही, आणि मांजराच्या पिलागत रडली.

"रडली! शिस्टर, रडली वो!"

"रडू दे," दीना म्हणाली आणि तिनं स्वतःचेच डोळे पुसले.

पंकजा धावत आली तेव्हा धापा टाकत होती. केसांत पाचटाची कुसळं, हातांवर उसाच्या पानांचे ओरखडे, दवानं भिजलेलं लुगडं. तिनं पोरीकडं झेप घेतली, पण बनुबाईनं हात आडवा धरला. "थांब. आंग गार हाय तुजं. आदी चुलीपाशी बस, कोरडं नेस, मग घे." पंकजा बघतच राहिली. सासूच्या उघड्या छातीवर आपलं लेकरू बांधलेलं तिला दिसलं. मग ती चुलीपाशी गेली.

रुग्णवाहिका आली तेव्हा कांडीनं सत्त्याण्णव दाखवलं. दवाखान्यात तर न्यायचंच होतं. दीनानं ओढणी सोडली आणि पोरीला उचलून पंकजाच्या छातीशी बांधलं. पोरीनं लगेच दूध धरलं आणि ओढायला लागली. बनुबाईच्या छातीला मोकळा वारा लागला. ती काकडली, तरी चोळीची गाठ बांधायचं तिला भान राहिलं नाही.

"पंकजा," ती म्हणाली. "रोज रातच्याला तू हिला असं धरून बसायचीस?"

पंकजानं मान खाली घातली. "तुमी रागावाल म्हनून सांगितलं न्हाई, आत्या."

"आगं, तू हुतीस म्हनून पोर आजपतुर ऱ्हायली. मी येका सकाळीत घालवत हुते. मला सांगायचंस तरी. आपुन पाळी पाळीनं बसलो असतो. तू जरा आडवी झाली असतीस."

तिनं दोन्ही तळवे सुनेच्या तोंडावरून उतरवले आणि आपल्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली. पंकजाला वाटलं, लेकराची दृष्ट काढताना चुकून आपल्यावरून हात फिरला. ती म्हणाली, "आत्या, पोर हिकडं हाय."

"म्हायतीये," बनुबाई म्हणाली. "तुजीच काढली," आणि सुनेच्या पाठीला हात देऊन तिला गाडीत चढवू लागली.